पाटावरून उठलेल्या तुंगेची कहाणी

ऐक जोडगौरी, तुझी कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, लेकीसुनांना जवळ बसवा, कुणाला काही बोलायचं असेल तर आत्ताच बोलून घ्या. एकदा सुरू केलं की मधे थांबायची नाही मी.

नदीच्या अलीकडच्या काठाला एक नगर होतं. नगराला राजा होता, राजाला कारभारी होता, त्याचं नाव महिपत. महिपत मोठा हुशार माणूस. दरबारात बोलायला लागला की ऐकणाऱ्यांची तहानभूक हरपावी. घरी मात्र त्याच्या तोंडाला कुलूप असे. बोललाच तर आईशी बोले. आई घरची थोरली, तिच्या शब्दाबाहेर घरातलं भांडं हलत नसे.

मग महिपताचं लग्न झालं. डोंगराकडच्या गावची तुंगा सून म्हणून घरात आली. तुंगा भारी बोलकी. माहेरी म्हणत, ही झोपेतसुद्धा गप्पा मारते. तिनं माप ओलांडलं, लक्ष्मीपूजन झालं, तशी सासूनं तिला देवघरात नेलं. तिथं दोन पाट मांडले होते. सासू म्हणाली, "मुली, आपल्या घराण्यात जोडगौरीचा वसा आहे. दर मंगळवारी नवऱ्यानं एका पाटावर बसावं, शेजारच्या पाटावर बायकोनं बसावं. त्यानं पूजा करावी, तिनं त्याच्या हाताला हात लावावा. पूजा होईतो उठू नये, बोलू नये, डोळ्यांतून पाणी काढू नये. अशी बारा वर्षं करावीत, मग उद्यापन करावं. घराची भरभराट होते."

तुंगेनं विचारलं, "आणि मला काय मिळतं?"

सासू म्हणाली, "घर काय परक्याचं आहे?" मग तिनं सुनेच्या ओंजळीत पाणी घातलं, ते ताम्हनात सोडायला लावलं, आणि सुनेच्या वतीनं आपणच म्हणाली, "मातणार नाही, चुकणार नाही, घेतला वसा मोडणार नाही." तुंगेनं तोंड उघडलं नव्हतं, तरी वसा तिला लागला. असा कसा लागला, असं मला विचारू नका. आपल्यातल्या निम्म्या जणींचे असेच लागलेत.

मग तुंगा पाटावर बसू लागली. पहिली तीन वर्षं झाली, घरावर दुसरा मजला चढला. आणखी तीन वर्षं झाली, दारी पालखी आली. आणखी तीन झाली, राजा उठून महिपताला जवळ बसवू लागला. सगळं गाव म्हणे, जोडगौर पावली. महिपत बायकोशी बोलला नाही तो नाहीच. आमटी अळणी झाली तर म्हणे, "आई, तिला सांग, मीठ नाही." तुंगेला ताप आला तर म्हणे, "आई, तिला सांग, निजून राहा." तुंगा समोर उभी असे हो. दोन हातांच्या अंतरावर उभी असे. सहाव्या वर्षी तिला मुलगी झाली. तिचं नाव मैना. तेव्हाही तो म्हणाला, "आई, तिला सांग, मुलगी छान आहे."

आता हातातलं काम बाजूला ठेवा आणि नीट ऐका. मोठी मारझोड झाली नाही, सवत आली नाही. जे झालं ते एवढंच झालं.

नऊ वर्षं मंगळवार कसा टळत आला कुणास ठाऊक, दहाव्या वर्षी मात्र एका मंगळवारी तुंगेला कावळा शिवला. ती कोपऱ्यात बाजूला बसली. पूजेचं काय करायचं, म्हणून सासू घाबरी झाली. भटजी म्हणाले, "काळजी नको. बायको शेजारी नसेल तर नवऱ्यानं कमरेला सुपारी खोचावी. सुपारी म्हणजेच बायको. शास्त्राला चालतं." महिपतानं सुपारी खोचली, पूजा केली. वसा खंडला नाही. तुंगेनं कोपऱ्यातून पाहिलं.

मग अकराव्या वर्षी तुंगेची आई वारली. ती माहेरी गेली. तिकडे मंगळवार आला. महिपतानं सुपारी खोचली, पूजा केली. वसा खंडला नाही. तुंगेनं परत आल्यावर ऐकलं.

मग बारावं वर्ष लागलं. एका मंगळवारी तुंगा पहाटे न्हाली, सोवळं नेसली, विहिरीवर पाणी आणायला गेली. पायरीवर शेवाळ होतं. पाय सरकला, ती मनगटावर पडली, हातातल्या बांगड्या पिचल्या, मनगट सुजून आलं. तशीच घागर सांभाळत ती घरी आली. येते तो देवघरात घंटा वाजत होती. पाटावर महिपत बसला होता. कमरेला सुपारी होती. शेजारचा पाट रिकामा होता. तुंगा ओल्या पायांनी उंबऱ्यात उभी राहिली. कुणी मान वर करून पाहिलं नाही, कुणी ये म्हटलं नाही. आरती झाली, तिला नैवेद्याचा भात मिळाला.

मग तुंगेच्या मनात आलं, ही सुपारी बोलत नाही, मीही बोलत नाही. ही रडत नाही, मीही रडत नाही. हिच्यानं घराचं काही अडत नाही, मग माझ्यानं काय अडत होतं? असं एकदा मनात आलं की ते माघारी जात नाही, बायांनो. भाकरी थापताना आलं, मैनेची वेणी घालताना आलं, आणि मग तिथंच राहिलं.

सवाष्णीचे हात मोकळे कसे ठेवायचे? सासूनं कासाराला बोलावणं धाडलं. त्याचं नाव देवबा. बायको मागंच गेलेली, एकटा जीव, खांद्यावर बांगड्यांच्या माळा घेऊन गावोगाव हिंडणारा. परक्या बाईचा हात हातात घ्यायची मुभा गावात एकट्या कासाराला, आणि तीही बांगड्या भरायपुरती. देवबा ओसरीवर बसला. तुंगेनं हात पुढं केला. त्यानं मनगट पाहिलं आणि बांगडी खाली ठेवली. "बाई, दुखतंय का?" त्यानं विचारलं.

बारा वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं. जी झोपेत बोलायची तिला एक शब्द फुटेना. तिनं नुसती मान हलवली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

सासू आतून म्हणाली, "भर की रे, मंगळवार तोंडावर आला." देवबा म्हणाला, "आज भरायच्या नाहीत. सूज उतरल्यावर येईन." त्यानं आंबेहळद उगाळायला सांगितली आणि निघून गेला. आठवड्यानं आला, सूज पाहिली, माघारी गेला. जाताना विचारलं, "बाई, तुमचा आवडता रंग कुठला?" तुंगेला उत्तर सापडायला तीन दिवस लागले, कारण तिचं तिलाच आठवेना. आणखी आठवड्यानं तो आला, तेव्हा सूज उतरली होती. तिनं सांगितलं, "जांभळा." मग त्यानं हिरव्याच भरल्या, सासू समोर होती ना, पण मधे एकेक जांभळी घातली.

मग तो म्हणाला, "बाई, आता यायचा नाही मी. पलीकडच्या काठाला दुकान टाकतोय. पायांनी चालणं होत नाही."

तुंगा म्हणाली, "मला न्याल?"

देवबानं बांगड्यांच्या माळा आवरल्या. मग म्हणाला, "नेणारा मी कोण? आलात तर दार उघडं असेल. नाही आलात तर तुमच्या नावानं बोटं मोडणार नाही. पण बाई, माझ्यासाठी म्हणून येऊ नका. माझ्यात तसं काही नाही." असा सरळ माणूस. मला तर तो महिपताच्या पालखीपेक्षा मोठा वाटतो, तुम्हांला काय वाटायचं ते वाटो.

मग उद्यापनाचा मंगळवार उजाडला. अंगणात मांडव पडला. राणी आली, सोळा सवाष्णी आल्या, पुरणाचा घमघमाट सुटला. महिपत पाटावर बसला. भटजींनी संकल्पाचं पाणी हातात घेतलं. तुंगा आली, पण बसली नाही. उभी राहिली. भर दुपारी, भर मांडवात, डोकीवर पदर घेऊन ती म्हणाली, "मला एक विचारायचंय."

सगळ्या चपापल्या. तुंगा महिपताकडे वळली. "तुमच्या शेजारी मी बारा वर्षं बसले. तीनदा माझ्या जागी सुपारी बसली. तुम्हांला काही वेगळं वाटलं का? खरं सांगा. वेगळं वाटलं असेल तर मी आत्ता बसते, मरेपर्यंत बसते."

बायांनो, मला विचाराल तर त्या घडीला सगळं वाचलं असतं. एक शब्द पुरत होता. 'वाटलं' म्हटलं असतं तरी पुरतं, 'नाही वाटलं' म्हटलं असतं तरी पुरतं, ते तिच्या तोंडावर म्हटलेलं असतं. महिपत दरबारात बोलणारा माणूस. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "आई, तिला सांग, पाटावर बस."

तेव्हा तुंगा हसली. का हसली ते ज्या त्या बाईनं आपल्यापुरतं समजून घ्यावं. तिनं पूजेच्या तबकातली एक सुपारी उचलली, तिला हळदकुंकू लावलं, रिकाम्या पाटावर ठेवली, नमस्कार केला. म्हणाली, "वसा हिचा. मी घेतला नव्हता, माझ्या तोंडून घेतला नव्हता. हिला जपा."

मग ती मैनेकडे वळली. मैना सहा वर्षांची. सासूनं तिला उचललं, माजघरात नेलं, दाराला आतून कडी घातली. तुंगेनं दारावर हात ठेवला. "मैने," म्हणून हाक मारली. दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा हाक मारली. आतून पोरीचं रडणं आलं. तिसऱ्यांदा हाक मारली. सासू म्हणाली, "पाटावर बस, दार उघडते."

तुंगा दारापाशी किती वेळ उभी होती ते कुणी मोजलं नाही. पुरणपोळ्या निवल्या. मग ती दाराशी तोंड नेऊन म्हणाली, "मैने, मी बसले तर तुला रोज दिसेन. पण जी दिसेल ती मी नसेन. मोठी झालीस की वाटलं तर मला शिव्या दे." आणि ती मांडवातून निघाली, वेशीतून निघाली, नावेत बसली. दरवेळी इथं आलं की हे वगळावंसं वाटतं. तरी मी हे पान गाळत नाही. आमच्या आत्येबाई कहाणी सांगताना एवढं गाळायच्या, मी नाही गाळत.

आता तुम्ही वाट बघत असाल, की देवी कोपली, महिपताच्या घराला आग लागली, नाहीतर तुंगेच्या अंगाला कोड फुटलं. तसलं काही झालं नाही. महिपताची भरभराट जशी होती तशी राहिली. तुंगेचे हाल व्हायचे ते साधे झाले. पलीकडच्या काठाला दोघं राहू लागली. तिनं सुख पाहिलं, नाही पाहिलं असं नाही. दोघं जेवायला बसत आणि बोलत बसत, ताटातलं अन्न गार होई. पण अलीकडच्या गावानं त्यांच्या दुकानाकडे पाठ फिरवली. पाणवठ्यावर बाया तुंगेला पाहून घागरी आवळून धरत.

मग एक म्हातारी आली. फाटकं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. म्हणाली, "बाई, बाई, चूल थंड का? परत जा. पाटावर बस. वसा पुरा होईल, चूल पेटेल." तुंगा म्हणाली, "चूल मी पेटवीन, आजी. बसायची नाही." म्हातारी गेली.

मग तिसऱ्या वर्षी देवबाला थंडीताप आला आणि नवव्या दिवशी तो गेला. खांदा द्यायला चार माणसं मिळेनात, नावाड्यांनी दिला. पुन्हा म्हातारी आली. "बाई, बाई, आता तुझं कोण? परत जा. पाटावर बस. गाव तुला नावं ठेवायचं नाही." तुंगा रडत होती. रडता रडता म्हणाली, "त्याच्यासाठी उठले नव्हते मी. तो गेला म्हणून बसायची नाही." म्हातारी गेली.

मग तुंगा एकटीच बांगड्या भरू लागली. हळूहळू अलीकडच्या गावच्या सुना दुपारच्या नावेनं येऊ लागल्या. बाजाराचं निमित्त करून येत. कारण ती हात हातात घ्यायची, आधी मनगट पाहायची, आणि दुखतंय का म्हणून विचारायची. काही जणी म्हणत, नाही दुखत. काही जणी संध्याकाळपर्यंत बसत.

तुंगेनं घर सोडल्याला दहा वर्षं झाली. मैना सोळा वर्षांची झाली. तिचं लग्न ठरलं. तिसऱ्यांदा म्हातारी आली. "बाई, बाई, लेकीचं लग्न आलं. परत जा. एक मंगळवार पाटावर बस, लेक तुझी होईल." तुंगा खाली बसली. तिनं जमिनीला हात टेकले. मग म्हणाली, "नाही, आजी. लेकीसाठी काळीज तुटतं माझं, पण बसायची नाही. बसले तर तिलाही बसणंच शिकवीन."

तेव्हा म्हातारीचा चेहरा उजळला. साक्षात जोडगौर उभी राहिली. तुंगेनं पदर सावरला, पण पाया पडली नाही. म्हणाली, "तूच का ती? बारा वर्षं बसले तेव्हा कुठं होतीस?"

देवी म्हणाली, "त्या घरी मी कधी आलेच नाही, बाई. जिथं शेजारच्या बाईकडे कुणी पाहत नाही, तिथं माझ्याकडे कोण पाहणार?"

"मग तो मजला, ती पालखी?"

"ती महिपताच्या हुशारीची. माझं नाव उगाच झालं."

"मग माझी लेक आणून दे."

देवी म्हणाली, "लेक आणून देणं माझ्या हाती नाही. तिला पाय आहेत." मग तिनं हात पुढं केला. "मला मात्र बांगड्या भर. जांभळ्या भर." तुंगेनं देवीचा हात हातात घेतला, मनगट पाहिलं, बांगड्या भरल्या. देवी अंतर्धान पावली.

इकडे काय झालं? लग्नाचा दिवस आला. मैनेचा हिरवा चुडा भरायचा होता. आजीनं तीन गावांहून कासार बोलावले. पहिल्याच्या बांगड्या लहान झाल्या. दुसऱ्याच्या मोठ्या झाल्या. तिसरा वाटेत आजारी पडला. पलीकडे बांगड्या कोण भरतं, ते गावच्या सुनांकडून मैनेच्या कानावर आलं होतं. तेव्हा मैना उठली, हळदीच्या अंगानं उठली, कुणाला न विचारता नावेत बसली, पलीकडे उतरली. दुकानात आली. तुंगेसमोर बसली आणि हात पुढं केला.

म्हणाली, "मी मैना."

तुंगा म्हणाली, "ओळखलं."

"मला सांगितलं होतं, तू मेलीस."

"नाही मेले."

"माझी आठवण यायची?"

"रोज."

"मग आली का नाहीस?"

"पाटावर बसले असते तर दार उघडलं असतं. मी बसले नाही."

मैनेनं डोळे रोखून आईकडे पाहिलं. "आज तोच दिवस पुन्हा आला, तोच मांडव, तेच दार, आत मी रडतेय. तर?"

तुंगेला खोटं बोलता आलं असतं. कुठली आई नाही बोलणार? तिनं लेकीचा हात हातात घेतला. मग ती म्हणाली, "तरी उठेन."

मैना रडली. हात मात्र तिनं मागं घेतला नाही. म्हणाली, "मी तुला कधी माफ करणार नाही."

"नको करूस," तुंगा म्हणाली. "भरू का?"

"भर."

तुंगेनं एक बांगडी भरली, दुसरी भरली, तिसरी भरली. मग थांबली. "मैने, तुला हे लग्न हवंय का?"

मैना म्हणाली, "मला कुणी विचारलं नाही."

"मी विचारतेय."

"मला माहीत नाही."

"मग माहीत होईतो बस."

मैना बसली. अलीकडच्या काठाला वाजंत्री वाजत होती. काठावरून नावाड्यानं हाक दिली, मुहूर्त जवळ आला. मैना बसून राहिली. पुन्हा हाक आली, मुहूर्त भरत आला. मैना बसून राहिली. तुंगा तिला जा म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही. तिसऱ्यांदा हाक आली, मुहूर्त टळला. वाजंत्री बंद पडली.

तेव्हा मैना उठली. म्हणाली, "आई, मी जाते. नवऱ्या मुलाला गाठते, दोघांच्या मधे कुणाला उभं न करता त्याच्याशी बोलते. पटला तर उरलेला चुडा भरायला येईन. नाही पटला तर या तीनच राहतील." आणि ती नावेत बसली.

पटला का, म्हणून विचारू नका. ते मैनेचं मैना जाणे. तेव्हापासून मात्र जोडगौरीचा वसा द्यायचा असेल तर आधी विचारतात, घेशील का? हो म्हणेल तिला द्यावा. नाही म्हणेल तिची ओटी आधी भरावी, तिला पहिल्या पंगतीला बसवावं, आणि का नाही म्हणालीस म्हणून खोदून विचारू नये.

हे गौरी, तुंगेला जे सोसावं लागलं ते कुणाच्या लेकीला न लागो. तिला जे बोलता आलं ते सगळ्यांना बोलता येवो, आणि ऐकणाऱ्याला समोर पाहून उत्तर देता येवो. ज्यांना वसा हवा त्यांनी अक्षता देवीला वाहाव्या, ज्यांना नको त्यांनी आपल्याच डोकीवर टाकाव्या. सात दिवस पुरेल एवढी ही कहाणी एका बैठकीत सांगितली, ती सांगणारीला फळो, ऐकणारीला फळो, इथं पुरी होवो.